तपासले, दोष आढळला नाही

अकोला ते बडनेरा या टप्प्यात, मे महिन्यातल्या भर दुपारी, न्यूट्रल सेक्शन, म्हणजे तारेतला वीज नसलेला तुकडा, ओलांडून मी व्हीसीबी (इंजिनाचा मुख्य ब्रेकर) पुन्हा लावला आणि डब्यांना वीज देणारा होटेल लोड कन्व्हर्टर उठलाच नाही. मी लोको पायलट; इंजिन विजेवरचं डब्ल्यूएपी-७, शेडमधून नवंकोरं आलेलं. ओढायला ठणठणीत.

लोकांना वाटतं, इंजिनाचं काम फक्त ओढायचं. आता तेच २५,००० व्होल्टच्या तारेतून वीज घेऊन डब्यांना ७५० व्होल्टची थ्री-फेज पुरवतं. दिवे, पंखे, एसी सगळं त्यावर. जनरेटर डब्यात जळणारं डिझेल वाचतं, योजना चांगलीच आहे. पण प्रत्येक न्यूट्रल सेक्शनला हा पुरवठा तुटतो आणि कन्व्हर्टरला नव्याने सुरू व्हावं लागतं. अडीअडचणीला मागे तो जनरेटर डबा असतोच. त्या दिवशी त्यातला एकच जनरेटर संच चालला, निम्मे डबे तापले.

टीएलसीचा, म्हणजे फोनवरच्या लोको कंट्रोलरचा, नेहमीचा मंत्र: गाडी थांबवा, कंट्रोल इलेक्ट्रॉनिक्स बंद करून चालू करा. मूर्तिजापूरला उभे राहिलो, तारेतून वीज घेणारा छतावरचा पँटो खाली घेतला. स्क्रीन सावकाश जागी होत असताना एक गृहस्थ मोबाइल रोखून खिडकीखाली आले, "डिझेल वाचवायला एसी बंद केलात ना?" सहायक म्हणाला, "काका, हे विजेचं इंजिन आहे." काकांनी तेही रेकॉर्ड केलं. दुसऱ्या रिसेटला कन्व्हर्टर चालू झाला. का, ते कोणालाच सांगता येईना.

जुन्या डब्ल्यूएपी-४ इंजिनावर क्यूओपी या रिलेचं टार्गेट (खुणेची पट्टी) पडलं की पॉवर सर्किटमध्ये अर्थ लागलाय, म्हणजे वीज इंजिनाच्या सांगाड्यात उतरतेय, हे डोळ्यांना दिसायचं. त्या रिलेला बाजूला काढणारा एचक्यूओपी स्विच ऑफ करायचा, सहायकाने मशीन रूममध्ये धूर-वास बघत राहायचं, आणि गाडी काढायची. या नव्या इंजिनात स्क्रीन संदेश देते, रिसेट केला की दोष पसार.

लॉगबुकात वेळ, किलोमीटर, लोड सगळं लिहिलं. शेडचा शेरा आला: "तपासले, दोष आढळला नाही." पोरं कामचुकार नाहीत, पण शेडची परीक्षा इंजिन वेळेवर बाहेर काढण्यावर होते, दोष सापडण्यावर नाही. आणि तपासणी झाली रात्री, थंड इंजिनावर, मागे एकही डबा नसताना.

म्हणून पुढच्या खेपेला मी लिहिलं: दुपारी, पूर्ण लोड लावून, व्हीसीबी वारंवार पाडून तपासावे. फोरमनने फोनवर विचारलं, "साहेब, एसी चालू असलेली अख्खी रेक, सगळे डबे, शेडात आणून कोण देणार?"