बघायला येऊ का?

दिवाळीचा कार्यक्रम असो नाहीतर शनिवारच्या मराठी शाळेचं अंगण, मी ‘लार्प’ला, म्हणजे भूमिका घेऊन ती जगायच्या खेळाला, जाते हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला: “आम्हाला पण एकदा ने ना. बघायला येऊ का?” तुम्हीही विचारलंत, म्हणून या वेळी नीट सांगते.

बघायला येता येत नाही. तिकीट असतं, फाटक असतं, पण प्रेक्षकाची खुर्ची नसते. फाटकातून आत आलेला प्रत्येक जण कोणी ना कोणी असतो: सरदार, सुतार, हेर, पुजारी, राक्षस. संवाद लिहिलेले नसतात. आपण कोण, आपल्याला काय हवंय आणि नियम काय, एवढं घेऊन यायचं. पुढचं समोरच्याच्या बोलण्यातून सुचत जातं.

माझं माहेर कुडाळजवळचं, त्यामुळे हे मला नवीन नव्हतं. दशावतारातही नट कथानक ठाऊक करून घेतो आणि संवाद रंगमंचावर उभं राहून रचतो. जत्रेच्या रात्री संकासुर आला की मी आजीच्या पदराआड लपायचे, आणि दुसऱ्या दिवशी मागच्या अंगणात त्याच्यासारखी नाचायचे. पण तिथे बायकांचे पार्टसुद्धा पुरुषच करायचे. मला जागा होती ती बघायची. चाळिशीत, इंग्लंडातल्या एका माळावर, कोणीतरी पहिल्यांदा मला विचारलं, “तू कोण होणार?” हा प्रश्न मी पंचवीस-तीस वर्षं कुणाच्या तोंडून ऐकायला आतुर होते, हे मला त्या क्षणी कळलं.

इंग्लंडात हा खेळ १९८२ साली चेशरमधल्या पेकफर्टन किल्ल्यात सुरू झाला. ‘ट्रेझर ट्रॅप’ हे त्याचं नाव. आज लहानमोठे पुष्कळ खेळ चालतात. मी जाते तो ‘एम्पायर’, २०१३ पासून चालू असलेला. वर्षातून चार वेळा माळावर तंबू पडतात, अॅनव्हिल नावाचं गाव उभं राहतं, खेळातल्या दहा काल्पनिक राष्ट्रांचे लोक जमतात, सिनेट भरते, सेनापती निवडले जातात. मी जखमा बांधणारी वैद्य आहे. लढाईत कोणी कोसळलं की साधारण तीन मिनिटांत त्याच्यापर्यंत पोचावं लागतं. नाही पोचलं तर ती भूमिका मेली, कायमची. तो खेळाडू मग नवी भूमिका घेऊन येतो, पण जुनीसाठी रडणारी माणसं मी पाहिली आहेत आणि त्यांच्याबरोबर रडलेही आहे.

आता मुख्य गोष्ट. शनिवारी एक मोठी लढाई असते, रविवारी दुसरी. निम्मी राष्ट्रं पहिल्या दिवशी लढतात, उरलेली दुसऱ्या दिवशी. मग शत्रू कोण होतं? ज्यांची त्या दिवशी पाळी नाही, ते. म्हणजे शनिवारी तुम्ही आपल्या राष्ट्रासाठी लढलात की रविवारी रबरी मुखवटा चढवून शत्रूचा ऑर्क, म्हणजे कल्पित कथांतला राक्षसी योद्धा, व्हायचं आणि दुसऱ्यांसमोर मरायचं. हे ऐच्छिक नाही. लढाईची मजा हवी असेल तर दुसऱ्याच्या लढाईला शत्रू पुरवणं हे देणं लागतं. एवढा न्याय्य नियम मला दुसऱ्या कुठल्या खेळात दिसलेला नाही.

मुखवट्याच्या आत काय होतं ते सांगते. पाच मिनिटांत स्वतःच्या श्वासाने गाल ओले होतात. रबराचा वास नाकात बसतो. डोळ्यांच्या भोकांतून समोरचं तेवढं दिसतं, बाजूचं काही नाही. हातात फोमची तलवार, वर लेटेक्सचा लेप. वार डोक्यावर करायचा नाही आणि शेवटच्या क्षणी हात आखडता घ्यायचा, म्हणजे अंगाला नुसता स्पर्श होतो. मेलं की पडायचं, मग मागच्या ठरलेल्या जागी जाऊन नवा ऑर्क बनून परत यायचं. एका रविवारी मी दोन तासांत अकरा वेळा मेले.

त्यातलं सातवं मरण माझ्या लक्षात आहे. समोर एक अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा होता, नव्या कोऱ्या चिलखतातला. त्याची ढाल थरथरत होती. त्याच्या शेजारचे दोघे कोसळले होते आणि आता तो एकटाच फळी धरून उभा होता. मला त्याला सहज पाडता आलं असतं. मी ओरडत त्याच्या अंगावर गेले, त्याला माझा वार ढालीवर घेऊ दिला, आणि त्याची तलवार माझ्या बरगडीला लागली तेव्हा सगळं बळ एकवटून किंचाळत पडले. गवतात पडल्या पडल्या ऐकलं, मागून त्याचे लोक त्याच्या नावाचा जयघोष करत होते. रात्री शेकोटीपाशी तो तीच गोष्ट सांगत होता. ऑर्क किती दांडगा होता, कसा धावून आला. मी त्याच वर्तुळात, वैद्याच्या कपड्यात बसून ऐकत होते. मी काही बोलले नाही. पण त्या रात्री तंबूत मला किती तरी वेळ झोप लागली नाही, एवढा आनंद झाला होता.

नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क, फिनलंड इथले खेळाडू १९९७ पासून आळीपाळीने एकमेकांकडे संमेलन भरवतात आणि या खेळाचा फार बारकाईने विचार करतात. तिथल्या मंडळींचं एक सांगणं मी उशाशी ठेवलं आहे: दुसऱ्याला वर उचलण्यासाठी खेळायचं. राणीचा मुकुट घालून कोणी राणी होत नाही. दारातून ती आत येताच बाकीचे उठून उभे राहिले, बोलणं थांबलं, कोणी तिच्याकडे पाठ केली नाही, की ती राणी. आमच्या मुलखात दशावतारी नटाबद्दल म्हणतात, रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा. लहानपणी मला त्यातला बोजाच ऐकू यायचा. आता वाटतं, रात्री त्याला राजा करणारे दहा जण त्याच्या बाजूला उभे असायचे. सकाळी सगळ्यांच्याच डोक्यावर बोजा असायचा.

आणि हे जिथे होत नाही तिथे काय होतं, तेही मी भोगलं आहे. माझा अगदी पहिला खेळ दुसऱ्या एका छोट्या गटाचा होता. तिथे दोन दिवस मी शेकोटीच्या कडेला बसून होते. वाईट कोणी वागलं नाही. सगळे आपापल्या जुन्या कारस्थानांत गुंतले होते, आणि नव्या बाईला कशात घ्यावं हे कुणाला सुचलं नाही. परतताना गाडीत मी ठरवलं होतं की पुन्हा पाऊल टाकायचं नाही. पुढच्या वर्षी मैत्रिणीने ओढून एम्पायरला नेलं. पहिल्याच संध्याकाळी एका अनोळखी माणसाने माझ्या हातात बंद पत्र दिलं आणि हळूच म्हणाला, “हे पलीकडच्या तंबूतल्या सेनापतीला दे. दुसऱ्या कुणाला दिसता कामा नये.” बस्स. मला काम मिळालं, गुपित मिळालं, धावायला कारण मिळालं. तेव्हापासून माझ्या झोळीत अशी दोन-तीन पत्रं कायम असतात. कडेला एकटं बसलेलं कोणी दिसलं की पहिलं पत्र तिकडे जातं.

गेल्या वर्षी आई आली होती कुडाळहून. वय एकाहत्तर. तिनेही हेच विचारलं, “मी आपली बघीन गो.” तिचं तिकीट काढलं, अंगावर शाल आणि गळ्यात आमच्या गटाची खूण घातली, आणि तंबूपुढच्या चुलीशी बसवलं. ती कांदे चिरत होती. तेवढ्यात एक सेनापती आला. त्याची निम्मी फौज त्या दुपारी कापली गेली होती, चेहऱ्यावर रंगवलेलं रक्त तसंच होतं. आईसमोर तो गुडघ्यावर बसला आणि म्हणाला, “आजी, मी माझी माणसं गमावली. आता काय करू?” मी हळूच मराठीत अर्थ सांगितला. आईने सुरी खाली ठेवली, त्याच्याकडे नीट पाहिलं, आणि थाळीत भात वाढत म्हणाली, “आधी जेव. मग त्यांची नावं सांग मला, एकेकाचं.”

तो जेवला. मग नावं सांगत बसला, बराच वेळ. दुसऱ्या दिवशी आईच्या चुलीशी चौघे जण आले होते.