घाट चढण्याचं कौतुक सगळ्यांना, उतरण्याचं कुणालाच नाही

पुण्या-मुंबईच्या कुठल्याही प्रवाशासमोर बोरघाटाचा विषय काढा, तो कर्जतच्या बँकर इंजिनांबद्दल सांगणार आणि लगेच वड्यावर येणार. बरोबरच आहे म्हणा, मागून दोन-तीन इंजिनं येऊन लागतात, हलकासा धक्का बसतो आणि मग ती पूर्ण गाडी ढकलत लोणावळ्यापर्यंत नेतात, बघायला भारीच वाटतं. पण मला विचाराल तर घाटातलं खरं डोकं उतरताना लागतं, आणि तेव्हा डब्यातले निम्मे लोक झोपलेले असतात.

चढ आहे ३७ ला १, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलात की १ मीटर वर. रस्त्याला हे काहीच नाही, स्कूटर गाणं म्हणत चढेल. पण इथे लोखंडी चाक लोखंडी रुळावर, घर्षण एकदम कमी, त्याच्याच जिवावर सपाटीला एक इंजिन हजारो टन ओढतं आणि घाटात तेच अंगलट येतं. चढताना चाकं जागेवर फिरायला लागतात, उतरताना गाडी आवरत नाही.

आणि हे सगळं बांधलं कधी, तर १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली आणि अवघ्या ३ वर्षांत घाटाचं काम सुरू झालं. जेम्स बर्कली हा ही लाईन बांधणाऱ्या जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वे कंपनीचा चीफ इंजिनियर. पहिला कंत्राटदार फॅव्हिएल, त्याच्या काळात १८५९ मध्ये मजुरी थकली म्हणून मजुरांचा दंगा झाला आणि नंतर त्याने काम सोडलं. मग आला सॉलोमन ट्रेडवेल, तो इथे आल्यावर काही आठवड्यांतच वारला, आणि पुढचं कंत्राट त्याच्या बायकोने, ॲलिसने, दोन इंजिनियर हाताशी धरून पुरं केलं! १८६१ मध्ये एका वेळी ४२ हजारांच्या वर माणसं इथे राबत होती. २५ बोगदे, जवळपास १८३० फुटांची चढाई, १८६३ च्या एप्रिलमध्ये लाईन सुरू. बर्कली मात्र त्याच्या आदल्या वर्षीच गेला. साहेबांची नावं निदान मिळतात, ४२ हजारांतलं एकही नाव आपल्याला माहीत नाही, याचा मला दर वेळी राग येतो.

तेव्हा सलग चढ काढता येईना म्हणून खंडाळ्याजवळ रिव्हर्सिंग स्टेशन केलं. गाडी सरळ एका टोकाला जाऊन थांबणार, इंजिन सोडून दुसऱ्या बाजूला लावणार आणि गाडी उलट्या दिशेने निघणार. उतरताना हे किती धोक्याचं असेल विचार करा, पुढे रूळच संपतोय आणि भरवसा हाताने आवळायच्या ब्रेकांवर. १९२९ मध्ये नवीन बोगदे काढून हा प्रकार बंद केला, त्याच वर्षी घाटात वीज आली.

आता उतरतानाची गंमत. (रेल्वेच्या भाषेत घाट उतरणारी गाडी अप आणि चढणारी डाऊन, कारण हिशोब मुंबईपासून.) मुंबईकडे येताना मंकी हिल, ठाकूरवाडी, जांब्रुंग अशा भर जंगलात गाडी थांबते आणि डब्यात कुणीतरी हमखास म्हणतं, "झालं, सिग्नल नाही वाटतं, हे रोजचंच." अहो तसं नाहीये! तिथे सांधा, म्हणजे गाडीला एका रुळावरून दुसऱ्या रुळावर वळवणारा जोड, मुद्दामच कॅच सायडिंगकडे लावून ठेवलेला असतो. म्हणजे उतारावरून बाजूला फुटून वर चढत जाणारा, पुढे कुठेच न जाणारा रूळ. गाडी सिग्नलला पूर्ण थांबली, ठरलेला वेळ उभी राहिली, की मगच सांधा मेन लाईनला फिरतो आणि सिग्नल मिळतो. ब्रेक फेल असतील तर गाडी थांबणारच नाही, मग ती आपोआप त्या चढावर जाऊन अडकेल, खाली कर्जतपर्यंत सुसाट जाणार नाही. म्हणजे गाडीवर आधी अविश्वास दाखवायचा आणि तिने थांबून दाखवलं की मग सोडायचं. मला हे बँकरपेक्षा कितीतरी हुशारीचं वाटतं.

एअर ब्रेकचंही तसंच आहे. पाईपमध्ये हवेचा दाब असेपर्यंत ब्रेक सुटलेले, दाब गेला की लागले. त्यामुळे दोन डब्यांमधला हवेचा होज पाईप तुटला तरी गाडी पळत सुटत नाही, उलट जागेवर थांबते.

वीज आली तेव्हा ती १५०० व्होल्ट डीसी होती, त्यावर ती लांब नाकाची तीन तुकड्यांची इंजिनं चालायची, ज्यांना लोक खेकडा म्हणायचे. आता सगळीकडे २५ हजार व्होल्ट एसी आहे, तेवढीच ताकद हवी तर करंट सोळापट कमी लागतो, तारा हलक्या, सबस्टेशन लांब लांब. आणि आताची नवी इंजिनं उतरताना मोटरचाच जनरेटर करतात, ब्रेक लावता लावता वीज वर तारेत परत सोडतात, शेजारच्या लाईनवर कुणी घाट चढत असेल तर ती त्याच्या कामी येते.