पुराच्या दिवसांतली औषधांची रांग

परिचारिका म्हणून माझी बहुतेक नोकरी बेळगावच्या दक्षिण भागात, शहापूर, खासबाग, वडगाव आणि अनगोळच्या गल्ल्यांमधून क्षयरुग्णांना शोधत गेली. घरमागावर राबणारे विणकर, त्यांच्या घरी कांड्या भरणाऱ्या बायका आणि उद्यमबागेतल्या फौंड्रीत वाळूची धूळ श्वासाबरोबर घेणारे मजूर ही माझी माणसे. त्या धुळीतली सिलिका फुफ्फुसात साचली की क्षय होण्याचा धोका वाढतो, हे कामगाराला बहुधा कोणी सांगितलेले नसते. शिवाय यांतले पुष्कळ जण भाड्याच्या खोलीत राहतात आणि भाडे थकले की खोली बदलतात, त्यामुळे नोंदवहीतला पत्ता सहा महिने टिकेलच असे नसते. औषध तर मात्र सहा महिने द्यायचे असते.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पावसाने कहर केला. वडगाव-खासबागच्या सखल भागात पाणी घराघरांत शिरले, मागांचे खड्डे भरले, मोटारी बुडाल्या आणि अनेक कुटुंबांना शाळेत हलवावे लागले. पाणी जरा ओसरल्यावर मी आमच्या आशाताईंना बरोबर घेतले आणि उपचार सुरू असलेल्या रुग्णांची यादी घेऊन निघाले. क्षयाच्या उपचारात पहिले दोन महिने चार औषधे आणि पुढचे चार महिने तीन औषधे रोज घ्यावी लागतात. मध्येच गोळ्या तुटत गेल्या तर जंतू त्या औषधांना दाद देईनासे होतात, आणि मग सुरू होणारा उपचार गरिबाच्या घराला फार जड जातो. म्हणून पूर ओसरण्याची वाट बघत बसणे मला मान्य नव्हते.

बहुतेक जण शेजाऱ्यांना विचारत विचारत सापडले. ज्यांच्या गोळ्यांना ओल लागली होती त्यांच्या पट्ट्या बदलून दिल्या. एक विणकर मात्र घरी नव्हता. त्याच्या थुंकीत जंतू सापडून उपचार सुरू झाल्याला जेमतेम दोन आठवडे झाले होते, म्हणजे संसर्गाची भीती अजून पुरती गेलेली नव्हती. तो शाळेतल्या निवाऱ्यात आहे असे कळले, तेव्हा माझ्या काळजीत भरच पडली, कारण तिथे एकेका वर्गात चार-पाच कुटुंबे दाटीवाटीने झोपत होती आणि त्यांत लहान मुले होती.

तो एका कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसला होता. त्याच्या बायकोने मला बाजूला नेले आणि खालच्या आवाजात म्हणाली, "बाई, गोळ्या पिशवीतच हायत. दोन दिवस घेतल्या न्हाईत. लोक बघूलेत हो. कळलं तर आम्हाला बाहेर काढतील. पोर घेऊन जायचं कुठं?"

ती भीती खोटी नव्हती. क्षयाचे नाव कळल्यावर विहिरीवर पाणी भरू न दिलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. रुग्णाचा आजार त्याच्या परवानगीवाचून कोणाला सांगणे मला योग्य वाटत नाही. पण त्या वर्गातल्या मुलांना त्याच्या खोकल्यासमोर ठेवणेही तितकेच अयोग्य होते. यातली एक बाजू सोडून दुसरी राखायला माझे मन तयार होईना.

शेवटी मी शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटून इतकेच सांगितले की पुराच्या पाण्यात भिजलेल्या सगळ्यांना तपासायचे आहे, आणि ज्यांना खोकला आहे त्यांची झोपण्याची सोय दोन्ही बाजूंनी वारा खेळणाऱ्या व्हरांड्यात करावी. मग दारात टेबल मांडून रांग लावली. कोणाला तापाची गोळी, कोणाला पायांच्या चिखल्यांसाठी मलम, कोणाला जलसंजीवनीची पुडी असे प्रत्येकाच्या हातात काही ना काही पडले, आणि खोकणाऱ्या प्रत्येकाला तोंडाला बांधायचा मास्क दिला. त्या रांगेतच आमच्या विणकराची पाळी आली आणि त्याने आपल्या गोळ्या माझ्यासमोर गिळल्या. कोणी मान वळवूनही पाहिले नाही. व्हरांड्यात त्याच्यासह साध्या सर्दी-खोकल्याचे आणखी काही जण गेले, त्यामुळे तो एकटा वेगळा दिसला नाही.

त्याचा मुलगा चार वर्षांचा होता. अशा रुग्णाच्या घरातल्या लहान मुलाला क्षय झालेला नाही याची तपासणी करून तेव्हा प्रतिबंधक औषध सहा महिने द्यावे लागे. ती तपासणी पुराच्या गडबडीत राहिली असती, म्हणून आशाताईंनी दुसऱ्याच दिवशी मायलेकांना दवाखान्यात नेले. मी सकाळी पुन्हा शाळेत जाऊन विणकराला लघवीचा रंग विचारला. गोळ्यांतल्या रिफाम्पिसिनने ती केशरी होते. रंग तसाच असल्याचे त्याने संकोचत सांगितले आणि मला हायसे वाटले.

निवारा बंद होईपर्यंत ती रांग रोज लागत राहिली. नंतर एक वेगळीच अडचण उभी राहिली. क्षयरुग्णाला सकस आहारासाठी सरकारकडून तेव्हा महिन्याला ५०० रुपये थेट बँक खात्यात मिळत (ती रक्कम आता १००० रुपये झाली आहे), पण यांचे पासबुक पाण्यात गेले होते आणि खाते क्रमांक कोणालाच आठवत नव्हता. माग बंद, मजुरी बंद, आणि रुग्णाला तर अंडी, डाळ, शेंगदाणे पोटात जाणे आवश्यक. त्याच्या बायकोबरोबर बँकेत खेपा घालून आम्ही नवे पासबुक काढले. जानेवारी २०२० मध्ये त्याचा उपचार पूर्ण झाला, अखेरच्या तपासणीत थुंकीत जंतू आढळले नाहीत, आणि आहाराच्या पैशांचा राहिलेला हप्ता त्याच्या पुढच्या महिन्यात खात्यावर जमा झाला.