भात उतरतो, पाण्यानं ठसका

बाबांना पक्षाघात झाल्यावर घरात सगळ्यांना एकच कोडं पडलं होतं: मऊ भात उतरतो, मग साध्या पाण्यानं ठसका का लागतो? गिळण्याचे व्यायाम शिकवणाऱ्या थेरपिस्ट ताईंनी ते उलगडलं. पाणी घशात वेगानं पोचतं. श्वासनलिका मिटायला क्षणभर उशीर झाला तरी आत शिरतं. दाट पेज हळू सरकते, तेवढा वेळ मिळतो.

चावण्याची लय ब्रेनस्टेममध्ये, म्हणजे मेंदूला मज्जारज्जूशी जोडणाऱ्या देठात, तयार होते. जबड्याला हुकूम मेंदूची पाचवी नस नेते, जिभेला बारावी. जीभ घास मागे ढकलते तोवर आपली मर्जी. पुढचं काम लंबमज्जा, म्हणजे ब्रेनस्टेमचा खालचा भाग, आपणहून करते: टाळू वर, स्वरयंत्र वर, श्वास थांबतो, अन्ननलिकेचं तोंड उघडतं. घसा पार व्हायला जेमतेम 1 सेकंद. हे कळल्यापासून मला प्रत्येक घासाचं अप्रूप वाटतं.

बाबांची जीभ बाहेर काढली की उजवीकडे झुकते, कारण ती बाजू दुबळी. शितंही त्याच गालात साचतात; जेवण झालं की मी ओल्या गॉझनं ती काढते. ताठ बसवायचं, छोटा चमचा, पहिला घास उतरल्याशिवाय दुसरा नाही. हनुवटी खाली घेऊन गिळणं बाबांना जमतं, पण ते सगळ्यांना चालत नाही, तपासूनच ठरवतात.

आडव्या रुग्णाच्या तोंडात मायेनं पाणी ओतू नका हो. ते फुफ्फुसात गेलं तर न्यूमोनिया होऊ शकतो, आणि काहींना ठसकासुद्धा लागत नाही. जेवल्यावर आवाज ओलसर, घरघरता आला तरी डॉक्टरांना सांगा.