"तेल्या गायब" लिहिणार नाही म्हटलं

नोकरी सोडून शेतीविषयक कंटेंट आणि डिजिटल मार्केटिंगची कामं स्वतःच्या नावावर घ्यायला लागलेय. आज त्यातलं पहिलं मोठं काम, सांगोल्यात. शेतीच्या औषधांच्या दुकानदाराला डाळिंबासाठी रील हवी होती: "तेल्या 7 दिवसांत गायब!"

म्हटलं, दादा, हे मी लिहिणार नाही. तेल्या जिवाणूचा रोग. पावसाच्या शिंतोड्यांनी, छाटणीच्या कात्रीने पसरतो. आटोक्यात ठेवता येतो, पण गायब करणारं औषध नाही.

"मग मी विकायचं काय?" प्रश्न रास्तच होता!

मग शेजारच्या बागेत गेलो. पान उन्हात धरलं की तेलकट, पाणचट डाग लगेच दिसतात. फळावर मात्र काळा चट्टा आणि मधोमध उभी-आडवी चीर. असलं फळ व्यापारी हातातही घेत नाही. बागवाले काका एक झाड झालं की कात्री निर्जंतुक करून मगच पुढे सरकत होते, आणि तोंडाने सोलापूरच्या डाळिंब संशोधन केंद्राचं फवारणीचं वेळापत्रक घडाघडा म्हणत होते. तेच शूट केलं. दुकानाचं नाव शेवटी. मालक खूश.

पैशांवर घासाघीस झालीच. "मोबाईलवर तर काढलं, एवढे कसले?" निम्मे आधीच घेतले होते म्हणून बरं. उरलेले "आठवड्यात टाकतो" म्हणालेत. बघू.

रील रात्री साडेआठला टाकतेय, धारा उरकून माणसं फोन हातात घेतात तेव्हा. डाळिंबवाल्यांनो, पावसाळ्याच्या सुरुवातीचा मृग बहार धरता की पाऊस सरतानाचा हस्त? तेल्या कशात कमी येतो, कमेंटमध्ये सांगा.