माझा अनुभव: रोहिंग्या कुटुंबांचे जुने कागद टिपताना

बांगलादेशातल्या कॉक्स बाजारच्या निर्वासित छावण्यांत जुने कागद फोननं किंवा स्कॅनरनं टिपायचं काम करायचं तर सगळी मांडणी एका गोष्टीभोवती करावी लागते: मूळ कागद मालकाच्या नजरेआड जाता कामा नये. १९८९मध्ये बर्मात (आताचा म्यानमार) नागरिकत्वाची फेरतपासणी सुरू झाली, तेव्हा रोहिंग्यांकडून तिहेरी घडीची जुनी राष्ट्रीय नोंदणी कार्डं जमा करून घेतली. अनेकांना ती परत मिळाली नाहीत आणि नवीही मिळाली नाहीत. १९९५पासून दिलेली तात्पुरती पांढरी कार्डंही २०१५च्या मार्चअखेर रद्द झाली. ‘उद्या आणून देतो’ असं म्हणून त्यांच्याकडून कागद मागणं मला बरोबर वाटत नाही. साहित्य घेऊन आपणच त्यांच्या झोपडीत जायचं आणि सुरुवातीला सगळे कागद त्यांच्यासमोर मोजायचे.

फोन, आडवा स्टँड, दोन एलईडी दिवे, पॉवरबँक, काळा कागद आणि मोजपट्टी एवढं पुरतं. दिवे दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत लावले की प्लॅस्टिकवर चकाकी येत नाही. पातळ कागदाखाली काळाच कागद हवा, पांढरा ठेवला तर मागची शाई पुढे डोकावते. बसका (शाईविना, दाबून उठवलेला) शिक्का वाचता येत नसेल तर एक दिवा विझवून दुसरा अगदी आडवा धरायचा, उठाव लगेच दिसतो. छोटा स्कॅनर असेल तर फोटो आणि कार्डं ६०० डीपीआयवर (इंचामागे ठिपके), बाकी कागद ३००वर. कोऱ्या वाटणाऱ्या मागच्या बाजूसुद्धा टिपायच्या, स्टुडिओचा शिक्का बहुधा तिथेच असतो.

सगळं रंगीतच टिपायचं. जुनी कार्डं पुरुषांना हिरवी आणि बायकांना गुलाबी असत. १९८९नंतरच्या पद्धतीत गुलाबी म्हणजे पूर्ण नागरिक आणि हिरवं म्हणजे स्वीकृत नागरिक. नुसत्या रंगावरून नोंद केली तर आजीचं १९५०च्या दशकातलं कार्ड भलत्याच प्रकारात जातं. म्हणून रंग, घडी आणि छापील मथळा, तिन्ही लिहून ठेवायचं.

जास्त नुकसान होतं ते ओलाव्यानं, आणि घाईनं. प्लॅस्टिकला चिकटलेला फोटो ओढला की चेहऱ्याचा थर प्लॅस्टिकवरच राहतो, म्हणून असा फोटो न ओढता प्लॅस्टिकवरूनच टिपावा. भिजलेले कागद ४८ तासांच्या आत सावलीत, वाऱ्यावर सुटे वाळवायचे, नाहीतर बुरशी धरते. उन्हात फोटो वळतो. आणि पुन्हा लॅमिनेशन करू नका: ती उष्णता आणि तो गोंद मागे घेता येत नाही.

तारखांना मी सर्वात जास्त वेळ देतो. बर्मी सनात ६३८ मिळवायचे, जानेवारी ते एप्रिलमधल्या नववर्षापर्यंत ६३९. म्हणजे १३२६ हे साल १९६४-६५. फोटोवर तारीख नसेल तर ज्येष्ठांना साल विचारून उपयोग नाही. ‘१९७८च्या नागामिन कारवाईच्या आधीचा की नंतरचा? १९९१-९२च्या पळापळीच्या वेळी घरात होता का?’ असं विचारलं की उत्तर पक्कं येतं, कारण त्या दोन्ही वेळी रोहिंग्यांना मोठ्या संख्येनं बांगलादेशात पळावं लागलं (नागामिन ही बर्मी सरकारची तपासणी मोहीम होती). मयू सीमा जिल्ह्याचा शिक्का दिसला तर कागद १९६१ ते ६४मधला असण्याची शक्यता मोठी, कारण उत्तर राखाईनमधला तो जिल्हा तेवढीच वर्षं होता. शिक्क्यावर अक्याब असेल तर अक्याबच लिहायचं, सित्तवे हे त्याच शहराचं आजचं नाव शेजारी वेगळ्या रकान्यात. नाव, गाव, वंश, जे छापलंय ते चुकीसकट जसंच्या तसं. कुटुंब स्वतःला काय म्हणतं ते स्वतंत्र नोंदवायचं. बर्मी मजकूर युनिकोडमध्येच टाइप करावा, झॉजी या जुन्या, युनिकोड न पाळणाऱ्या फॉन्टमधला पुढे नीट शोधता येत नाही. हनीफी रोहिंग्या लिपीही २०१८पासून युनिकोडमध्ये आहे, मग फोटोखालची ओळ त्यांच्याच लिपीत का नको?

प्रत्येक कागदासाठी परवानगी वेगळी घ्यायची: फक्त कुटुंबासाठी, संशोधकांसाठी, की सर्वांसाठी. म्यानमारच्या राखाईन राज्यात, त्यांच्या मूळ प्रदेशात, अजून नातेवाईक आहेत. सार्वजनिक प्रतीत कार्ड क्रमांक आणि अंगठा झाकायचा, पण पीडीएफवर काळी पट्टी चिकटवून नव्हे (ती काढता येते), तर झाकलेली नवी प्रतिमा तयार करून. फोटोतली जीपीएस माहितीही पुसायची.

२२ मार्च २०२१ला इथल्याच बालूखाली छावणीत मोठी आग लागली, त्यामुळे एक प्रत छावणीबाहेर असलीच पाहिजे. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून, नाहीतर बारीक अक्षरं पुसट होतात. घरच्यांना कागदावर छापलेली प्रत त्याच भेटीत द्यायची, आणि निघण्याआधी मूळ कागद पुन्हा त्यांच्यासमोर मोजायचे.