नवख्याच्या वेळी उठायचं नाही

मिरज, रविवार रात्र

काल माझ्या मित्राचं तेरावं झालं. पाहुणे आज सकाळच्या गाडीने गेले आणि दुपारी वहिनींचा फोन आला. "भाऊजी, येऊन जाता का जरा? कपाटाचं काय करायचं ते तुम्हीच सांगा."

कपाट म्हणजे त्याचं कॅसेटींचं कपाट. लोखंडी, आरशाचं, लग्नात वहिनींच्या माहेरून आलेलं. कपड्यांसाठीच आलं होतं. पण हळूहळू साड्या ट्रंकेत गेल्या, शर्ट खुंटीवर गेले आणि कपाटात अब्दुल करीम खाँ, मल्लिकार्जुन मन्सूर, कुमार गंधर्व, हिराबाई असे सगळे राहायला आले. वहिनी हे सांगताना आजही हसल्या, आणि मग बराच वेळ खिडकीकडे बघत बसल्या.

त्याच्याबद्दल लिहायचं हे पहिल्या दिवसापासून डोक्यात आहे. आज लिहायला बसलोय.

रेल्वेत होता तो. मिरज जंक्शनला तिकीट खिडकीवर सगळी नोकरी काढली. पुणे, कोल्हापूर, बेळगाव, पंढरपूर अशा चहूकडे गाड्या फुटणारं स्टेशन, म्हणजे खिडकीवर गर्दी कायम. सुट्ट्या पैशांवरून लोक किती भांडतात ते आपण बघतोच. त्याच्या खिडकीवर भांडण झालेलं मी कधी ऐकलं नाही. म्हातारं माणूस पिशवीतून पुडकं काढून एकेक नोट सोडवत असलं तर मागचे ओरडायचे, आणि हा आतून म्हणायचा, "असू दे की, गाडी यायला वेळ आहे." ती गाडी कधीकधी फलाटाला लागलेलीसुद्धा असायची.

आमची ओळख मात्र स्टेशनावरची नाही, दर्ग्यातली. मीरासाहेबांच्या उरुसात खाँसाहेब अब्दुल करीम खाँच्या स्मरणार्थ रात्र-रात्र गाणं चालतं. तिकीट नाही, खुर्ची नाही, चिंचेच्या झाडाखाली मांडव आणि सतरंज्या. मोठमोठे कलाकार इथे हजेरी लावून गेलेत, आणि त्याच मांडवात पहाटेच्या आडवेळी कुणा गावातलं पोरगंही पहिल्यांदा बसतं. अशाच एका पहाटे मोठ्या बाईंचं गाणं संपलं आणि निम्मा मांडव चहाला उठला. मीही उठत होतो. शेजारच्या अनोळखी माणसाने माझी बाही धरली. "बसा की. पोरगं तंबोरे लावतंय. एवढी माणसं उठलेली बघितली तर त्याचा सा हलतो."

बसलो. पोराचा सा हलायचा तो हललाच. पण हा मान डोलवत राहिला, योग्य जागी हलकेच "वा" म्हणत राहिला, आणि पाऊण तासात त्या पोराचा आवाज खरंच स्थिरावत गेला. शेवटची तान बरी पडली तेव्हा त्याने याच्याकडेच बघितलं. नंतर कळलं की हा त्याचा नेमच आहे. नवख्याच्या वेळी उठायचं नाही. पुण्याला सवाई गंधर्वला जायचा तेव्हाही पहिल्या कलाकाराच्या आधी जाऊन बसायचा, मंडप रिकामा असला तरी. बाकीचे आम्ही शेवटचं नाव बघून जायची वेळ ठरवायचो.

आणि थर्मास. दर्ग्यात येताना एक मोठा थर्मास आणायचा, आल्याचा चहा भरून. तो गवयासाठी नसायचा. गवयाची सरबराई करायला दहा माणसं असतात. हा मागच्या बाजूने जाऊन तंबोऱ्यावर बसलेल्यांना चहा द्यायचा. दोन-दोन तास मांडी न बदलता तारा छेडणारी शिष्यमंडळी, त्यांना कोण विचारतं? "तुझी बोटं दुखत असतील" असं त्यांना विचारणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

त्याला स्वतःला गाता येत नव्हतं. शिकायचा प्रयत्नही त्याने केला नाही. "ऐकणाऱ्यांत पण कोणीतरी पाहिजे की," एवढंच म्हणायचा. पण घरी तंबोरा होता. इथल्याच सतारमेकर गल्लीतला, तुणीच्या लाकडाचा, मोठ्या तुंब्याचा. त्या गल्लीत त्याचं रोजचं जाणं-येणं. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून तुंब्यांसाठीचे भोपळे आले की बातमी याला आधी. भोपळे उलटेपालटे करून टिचकी मारून बघत बसायचा. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा पेढ्यांचा पुडा घेऊन दुकानादुकानातून फिरला. घरात बारसं असल्यासारखा चेहरा होता त्याचा.

जवारी काढायला, म्हणजे तारांचा आवाज मोकळा करून घ्यायला, तंबोरा न्यायचा तेव्हा दोन-तीनदा मीही बरोबर होतो. कारागीर तारा सैल करून घोडी, म्हणजे तारा टेकतात तो तुकडा, काढतो, कानशीने एक हात फिरवतो, परत बसवतो, तार चढवून ऐकतो, मान हलवतो, पुन्हा काढतो. घोडीचा तो माथा दिसायला सपाट, पण त्याला किंचित उतार असतो, आणि सगळा झणत्कार त्या उतारावर अवलंबून. कानशीचा एक हात जास्त झाला तर आवाज बोथट. मग तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा दोरा सरकवायचा, केसभर पुढे, केसभर मागे, आणि एका जागी तार एकदम उघडते. तासन्‌तास चालणारं काम. मला चुळबुळ व्हायची. हा पाटावर बसून असा बघायचा जणू त्याच्यापुरती खास बैठकच चाललीय. आणि कारागिराला कधी विचारायचा नाही, "किती वेळ लागेल?"

त्यानेच मला तंबोऱ्यातला गंधार, म्हणजे ग, ऐकायला शिकवलं. तंबोऱ्याच्या चार तारा: पंचम म्हणजे प, मधले दोन षड्ज म्हणजे सा, शेवटचा खर्ज म्हणजे खालचा सा. गंधाराची तार कुठेच नाही. एका संध्याकाळी दिवा न लावता बसलो होतो, तो छेडत होता आणि म्हणत होता, "खर्ज वाजल्यावर लगेच दुसरीकडे जाऊ नको. त्याच्या मागे थांब." मला काही ऐकू येईना. त्याने पितळी खर्ज किंचित उतरवला, तारेखालचा मणी रेषभर सरकवला, पुन्हा छेडलं. मला नाहीच. तो अर्धा-पाऊण तास वाजवत राहिला. एकदाही म्हणाला नाही की जाऊ दे, नंतर बघू. आणि मग खर्ज विरता विरता वरती स्वच्छ गंधार उभा राहिला, कुणीतरी लांबून गात असल्यासारखा. मी त्याच्याकडे बघितलं तर तो माझ्याकडेच बघत होता. "आला ना?" म्हणाला. त्याला माझ्यापेक्षा जास्त आनंद झाला होता.

मला वाटतं त्याचं ऐकणं आणि त्याचा चांगुलपणा या वेगळ्या गोष्टी नव्हत्याच. समोरच्याचा सूर लागेपर्यंत थांबायची त्याची तयारी असायची, मग समोर गवई असो, कारागीर असो की खिडकीपुढे नोटा सोडवणारा म्हातारा. त्याला ते थांबणं वाटतच नसे.

निवृत्त झाल्यावर रेल्वेच्या पासावर पहिला प्रवास त्याने चेन्नईचा केला. तिथून चेंगलपट्टूच्या लोकलने सिंगपेरुमाळ कोईल. 1937 च्या ऑक्टोबरात खाँसाहेब पाँडिचेरीला निघाले असताना वाटेत अस्वस्थ वाटू लागलं म्हणून याच स्टेशनावर उतरले. फलाटावर बिछाना घातला, तंबोरा जुळवून घेतला आणि गाता-गाता गेले, असं सांगतात. त्यांना मिरजेला आणलं, दर्ग्याच्या आवारातच त्यांची कबर आहे. हा त्या फलाटावर बाकावर दोन तास बसून आला. काय बघितलंस विचारलं तर म्हणाला, "काही नाही रे. साधंच स्टेशन आहे. गाड्या येतात, जातात. पण स्टेशनवाल्यांनी त्या रात्री त्यांना निवांत बसू दिलं असेल ना, तेवढंच बघायचं होतं."

आजाराबद्दल लिहवत नाही. कळलं तेव्हा उशीर झाला होता, एवढंच. दवाखान्यात मी त्याच्या मोबाइलवर त्याच्या आवडीचं सगळं भरून नेलं. दुसऱ्या दिवशी गेलो तर इयरफोनचं एक टोक याच्या कानात आणि दुसरं शेजारच्या खाटेवरच्या ट्रकवाल्याच्या. चाललं होतं लावणीवर लावणी. त्याच्या आवडीच्या लावण्या याने नर्सबाईंकडून शोधून घेतल्या होत्या. मला खूण करून म्हणाला, "ढोलकी ऐक रे. आपण आयुष्यभर इकडे कान दिला नाही." पुढे तो ट्रकवाला घरी गेला, पण दर दोन दिवसांनी फोन करायचा. तेराव्यालाही आला होता, इस्लामपूरहून, बायकोला घेऊन.

आज कपाट उघडलं. शाईच्या पेनाने लिहिलेल्या चिठ्ठ्या, बारीक वळणदार अक्षर. शनिवारी रात्रीचा आकाशवाणीचा संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम तो नेमाने भरून ठेवायचा. राग, ताल, कलाकार, तारीख, आणि खाली एखादी ओळ. 'सुरुवात गेली, लाइट नव्हती.' 'तबला फार छान, नाव सांगितलं तेव्हा कुकर वाजला.' 'दुसऱ्या बाजूला टेप अडकते, पेन्सिलने फिरवणे.' काही चिठ्ठ्यांवर मात्र वेगळंच होतं. 'प्रत दिली, पोस्टमनच्या आईला. भैरवी आवडते.' 'प्रत दिली, जिन्याखालच्या शिंपीकाकांना. पुढच्या वेळी कमी द्रुत द्यावं.' 'वरच्या मजल्यावरच्या मुलीला, परीक्षा झाल्यावर.'

वहिनी एकेक चिठ्ठी वाचत होत्या. "मला वाटायचं हे नुसते ऐकत बसतात," म्हणाल्या. "एवढं कधी वाटून आले?"

सोमवार

सकाळी इलेक्ट्रिकवाल्याकडे जाऊन टेपडेकचा पट्टा टाकून आणला. जुना पार विरघळून चिकट झाला होता. कॅसेटी संगणकावर उतरवायच्या असं ठरलंय. बुरशी लागलेल्या आधी घ्यायच्या, त्या फार दिवस टिकणार नाहीत. चिठ्ठ्यांचे फोटोही काढायचे, त्या आवाजाइतक्याच महत्त्वाच्या आहेत.

तंबोऱ्याचं वहिनींनी स्वतःच ठरवलं. वरच्या मजल्यावरची ती मुलगी आता गाणं शिकते, तिच्याकडे द्यायचा. पण आत्ता लगेच नाही. आधी गल्लीत नेऊन जवारी करून घ्यायची. आज विचारायला गेलो तर कारागिराने त्याचं नाव ऐकून हातातलं काम खाली ठेवलं. पैशाचं विचारलं तेव्हा नुसता हात हलवला.

उरुसाला वहिनी येणार म्हणतात. इतकी वर्षं त्या घरून चहा करून द्यायच्या, रात्रीच्या मांडवात कधी आल्या नव्हत्या. "कुठे बसायचं ते दाखवा," म्हणाल्या, "आणि मागून जायची वाट कुठली, तेही." थर्मासची बाटली आतून तडकलीय, नवीन आणायला हवी. मोठ्यातलीच.